जांभळा आलू आणि परभणीच्या रात्री

माझी ३३ वर्षांची नोकरी पाणी मोजण्यात गेली. पैठणच्या डाव्या कालव्यावर मी कालवा निरीक्षक होतो. कोणत्या चारीला किती दिवस पाणी, कुणाची पाळी कधी, कुणी रात्री दार उचललं, यातच दिवस सरले. निवृत्तीनंतर मानवतला घर बांधलं. मागं वीस बाय पंधरा फुटांची जागा उरली, पण मोजायला काही उरलं नाही. मग मी रात्री मोजायला लागलो. बटाट्यापायी.

आमच्या भागात त्याला आलू म्हणतात. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून पुण्यापर्यंत गेला. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, आमच्या बाजारात आलूच राहिला. माझी मुलगी आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर दिली आहे. तिच्या घरी बटाटा, माझ्या घरी आलू, आणि नात दोन्ही घरी दोन्ही शब्द चुकीच्या ठिकाणी वापरून टाळ्या मिळवते. पठारावर पावसाच्या भरवशावर जून-जुलैत बटाटा लावतात आणि दसरा-दिवाळीच्या आत काढतात. तिथली हवा थंड, जमीन निचऱ्याची. मी परभणीत आलू लावणार म्हटल्यावर व्याही म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडं माणूसच उकडून निघतो. बटाटा वेगळा उकडायचा कशाला?"

पहिल्या वर्षी त्यांचं खरं झालं. २०२२ च्या सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, बाजारातलेच दोन किलो आलू आणले, चिरून फोडी केल्या आणि काळ्या मातीत पुरल्या. परतीचा पाऊस आला आणि निम्म्या फोडी सडल्या. उरलेल्या उगवल्या त्या अशा, की शेजारी बघायला यायचे. कमरेएवढी झाडं, हिरवीगार. डिसेंबरात खणलं तर खाली गोट्या. आमच्या घरच्यांनी त्या सगळ्या एका मुठीत घेतल्या आणि विचारलं, "अहो, फोडणीला टाकू का सागरगोटे खेळू?"

चूक कुठं झाली हे मला नंतर उमगलं, आणि सगळी गोष्ट खरं तर तेवढीच आहे. बटाटा हे मूळ नव्हे, ते फुगलेलं खोड. रताळं मात्र मूळ असतं. बटाट्याच्या झाडाला जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्यांसारख्या फांद्या फुटतात आणि त्यांचं टोक फुगलं की बटाटा होतो. म्हणून त्याला डोळे असतात, डोळा म्हणजे खोडावरची कळी. पण टोक फुगायचं की नुसतं लांबत जायचं, हे ठरतं वर पानात. पान खाली सांगावा धाडतं आणि रात्र उष्ण असली की तो सांगावा नीट पोचत नाही. शिवाय दिवसभर पानांनी केलेली साखर उष्ण रात्री झाड स्वतःच्याच श्वासात जाळून टाकतं, साठवायला फारसं उरत नाही. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असलं की आलू पोसतो. २० च्या वर गेलं की झाड पाला वाढवत बसतं. मी मात्र सगळी काळजी पाण्याची केली होती. ३३ वर्षांची सवय, दुसरं काय!

म्हणून कमाल-किमान तापमापक विकत घेतला आणि न्हाणीघराच्या सावलीतल्या भिंतीला टांगला. पहाटे उठून आकडा वहीत लिहायचा. २०२४ च्या वहीत १० ऑक्टोबरला २२ अंश आहे, २५ ऑक्टोबरला २०, ५ नोव्हेंबरला १७. डिसेंबरच्या मध्यात काही पहाटे ७. परभणीची थंडी दरवर्षी पेपरात येते, राज्यातला नीचांक कितीदा तरी आमच्याकडचाच असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आकडा परत २० वर. म्हणजे आलूला लागणाऱ्या रात्री आमच्याकडे आहेत, फक्त त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, शंभरेक. त्यांच्या आतच शिरून बाहेर पडायचं. एका ठरावीक मुदतीत पाळी उरकायची, हे काम मला येतं.

आता रंगांचं. भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. मुलगी आली ती कापडी पिशवीत तीन किलो बेणं घेऊन. व्याह्यांनी कुठून कुठून जमवलेलं. काही लाल सालीचं, काही जांभळ्या सालीचं, आणि चार नग असे की आतूनही जांभळे असतील असं त्यांना देणाऱ्यानं सांगितलेलं. त्या चौघांच्या जातीचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. जांभळ्या सालीची मात्र कुफरी नीलकंठ. भारतातल्या सुधारित बटाट्यांच्या नावामागं हे कुफरी का लागतं, याचं मला कुतूहल होतं. सिमल्याजवळ कुफरी नावाचं ठिकाण आहे. मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. संकर करायला फूल लागतं. मैदानातल्या थंडीच्या आखूड दिवसांत बटाटा नीट फुलत नाही, कुफरीच्या उन्हाळ्यात फुलतो. म्हणून संकर तिथं आणि नावही तिथलं. सालीच्या रंगावरून काही नावं पडली. लाल सालीची सिंदुरी १९६७ ची, लालिमा नंतरची. आतून जांभळी कुफरी जमुनिया अगदी अलीकडची. आणि १९७२ च्या एका जातीचं नाव चक्क मराठी आहे, कुफरी लवकर. पठारी भागासाठी काढलेली, लवकर तयार होणारी, म्हणून लवकर. १९७२ म्हटलं की आमच्याकडे दुष्काळ आठवतो. लवकर पांढरीच आहे, रंगाशी तिचा संबंध नाही, पण नाव सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

जात निवडताना रंगाआधी दिवस बघावेत. सिंदुरी दिसायला देखणी, पण तिला ११० दिवसांच्या वर लागतात. ती आमच्या शंभर रात्रींत मावत नाही. नव्वदीच्या आतबाहेर तयार होणारी जात घ्यावी.

बेणं आलं तेव्हा त्याला अर्ध्या बोटाएवढे जाड, आखूड कोंब होते, जांभळ्याला जांभळे आणि लालला गुलाबी. असेच हवेत. अंधारात वाढलेले लांब, पांढरे, लुळे कोंब कामाचे नाहीत. नुकताच काढलेला आलू दोन-अडीच महिने झोपलेला असतो, तो पुरला तरी उठत नाही. यावेळी मी एकही चिरला नाही. अंड्याएवढे होते, अख्खेच लावले. मोठे असतील तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवून चिरायचे आणि जखम सुकेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत पसरून ठेवायचे, पण आमच्या उबदार मातीत मी तो धोका घेत नाही.

माती हा दुसरा प्रश्न. आमची काळी कापसाला आई आहे, आलूला सासू. ओली असते तेव्हा चिकटते, सुकते तेव्हा भेगाळते. भेगेतून ऊन आत गेलं की खालचा आलू हिरवा होतो आणि त्याच भेगेतून पाकोळी नावाची कीड आत शिरते. म्हणून अर्धं बेणं वाफ्यात लावलं आणि अर्धं गोण्यांत. वाफ्यात बांधकामातून उरलेली वाळू आणि दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत मिसळून सरी-वरंबे केले, दोन वरंब्यांत दोन फूट, दोन आलूंत वीतभर अंतर. वरून सोयाबीनची गुळी, म्हणजे भुसा, अंथरली. गुळीनं माती भेगाळली नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी मी सोयाबीनचं ऋण मानतो. गोण्या खताच्या रिकाम्या, धुतलेल्या, बुडाला भोकं पाडलेल्या, तोंड दुमडून खाली घेतलेल्या. तळाशी वीतभर मिश्रण, त्यात दोन आलू, वर चार बोटं माती. झाड वीतभर झालं की पानांचा शेंडा उघडा ठेवून आणखी माती. यालाच भर देणं म्हणतात. भर दिली नाही तर वरचे आलू उघडे पडतात. पण गोणी भरत जाल तसे मजल्यावर मजले आलू लागतात, असं जे सांगितलं जातं ते माझ्या गोण्यांत तरी झालं नाही. आलू तळाच्या वीतभरातच होते. वरच्या मातीनं फक्त सावली धरली.

एक चूक यंदाही केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, चुलीची राख घाला, आलू गोड होतो. एका वरंब्याला घातली. त्या वरंब्यातल्या आलूंच्या सालीवर खरबरीत डाग आले. आमची माती मुळातच विम्लाकडे झुकलेली, राखेनं ती आणखी तिकडे गेली, आणि या डागांच्या रोगाला तशीच माती मानवते. चव बिघडत नाही, रूप जातं. रंगासाठी लावलेल्या आलूचं रूपच गेलं तर उरलं काय?

पाणी थोडं आणि पुन्हा पुन्हा. गोणीला दिवसाआड, वाफ्याला आठवड्यातून एकदा. सकाळी. कालव्यावरच्या शेतकऱ्यांना मी आयुष्यभर सांगत आलो की पीक पाण्यात बसवू नका. कुणी ऐकलं नाही. आलूनं ऐकायला लावलं.

नाताळनंतर आभाळ आलं. ढग, दमट हवा आणि थंडी एकत्र आली की उशिरा येणाऱ्या करप्याची भीती. पानाच्या कडेला काळपट, पाण्यानं भिजल्यासारखा डाग आणि खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी, अशी त्याची खूण. याच करप्यानं १८४५ पासून आयर्लंड उद्ध्वस्त केलं. तिथला गरीब माणूस जवळजवळ एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होता, लंपर नावाच्या. ती जात करप्याला बळी पडली आणि सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. बटाट्याचं मूळ गाव मात्र दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, पेरू-बोलिव्हियाकडं. तिथले शेतकरी आजही एकाच तुकड्यात लाल, जांभळे, पिवळे, काळपट असे अनेक वाण मिसळून लावतात. एक गेला तरी दुसरा उभा राहतो. लिमा शहरात १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि अँडीजमधल्या देशी वाणांची संख्या चार हजारांच्या वर सांगतात. आपण ज्याला रंगीत बटाटा म्हणून नवलाईनं बघतो तो त्यांचा रोजचा. नवल आपल्या पांढऱ्याचं वाटायला हवं.

माझ्या वाफ्यात डाग पडलेली दोन झाडं दिसली, ती उपटून कचऱ्याबरोबर जाळली. चार दिवसांनी ऊन पडलं आणि निभावलं. वांगी, टोमॅटो, मिरची ही आलूची सख्खी भावकी. त्यांचे रोग एकमेकांना लागतात. आदल्या हंगामात जिथं वांगी होती तिथं आलू लावू नये. बारक्या परसात हे पाळणं अवघड जातं, म्हणूनही गोणी बरी.

याच काळात भाच्याचा फोन आला. तो जर्मनीत असतो. "मामा, इथं निळे बटाटे मिळतात, येताना पिशवीभर आणतो." जगात जर्मनी, देशात परभणी, असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. आता दोघांची सोयरीक व्हायची वेळ आली होती. पण मी नको म्हणालो. बटाट्याची पाकोळी १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरली आणि अजून गेलेली नाही. तिची अळी डोळ्यातून आलूत शिरते आणि आत बोगदे करते. परदेशातून बेणं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणं परवाना लागतो, तपासणी लागते. हौसेपायी कुणी सामानातून बटाटा आणू नये. भाच्यानं चॉकलेट आणलं.

२८ जानेवारीला पाला जमिनीलगत कापून टाकला. घरच्यांना वाटलं मला वेड लागलं, झाडं अजून अर्धी हिरवी होती. पण पाला कापून दहा-बारा दिवस आलू मातीत राहू दिले की साल पक्की होते. नाहीतर अंगठा लावताच सोलून निघते आणि टिकत नाही. पाणीही तेव्हाच बंद केलं. ९ फेब्रुवारी, रविवार. नात आलेली होती. वाफ्याला कुदळ न लावता मी बाजूनं खुरप्यानं उकरत गेलो आणि तिनं हातांनी माती चाळली. काळ्या मातीतला जांभळा आलू आधी दिसतच नाही, ढेकूळ म्हणून बाजूला पडतो. तिनं एकेक ढेकूळ फोडून बघितलं. गोण्या सरळ पोत्यावर पालथ्या केल्या. सगळे मिळून १९ किलो भरले. त्यातले नऊ आलू हिरवे होते, ते टाकले. उजेड लागला की आलूत हिरवेपणाबरोबर सोलानिन नावाचं कडू विष वाढतं. शिजवून ते जात नाही. घरच्यांना टाकणं जिवावर आलं, पण इथं काटकसर करू नये.

नातीनं नीलकंठ चिरून बघितला. आत फिकट पिवळसर. "आबा, हा तर वरून रंगवलाय!" ती रुसली. मग मी त्या बिननावाच्या चौघांच्या पिलावळीतला एक पुढं केला, पावणेदोन किलो झाले होते ते. सुरी फिरली आणि पाटावर जांभूळ फुटल्यासारखं झालं. सालीच्या आत बारीक पांढरी कडा आणि बाकी सगळा गडद जांभळा. तिची बोटंही रंगली. जांभळात, वांग्याच्या सालीत जो रंग असतो त्याच कुळातला हा, अँथोसायनिन. पिवळ्या आलूत रंग वेगळा, गाजराच्या भावकीतला.

दोन आठवडे सावलीत, पोत्याखाली झाकून ठेवले. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र आली. उपासाला आलू हवाच. आता हा दूरदेशीचा पाहुणा आपल्या उपासाला कसा चालतो, आणि वांगं का चालत नाही, हे मला कोणी सांगेल का? असो. घरच्यांनी जांभळे आलू बोअरच्या पाण्यात उकडले. आमचं पाणी जड, साबणाचा फेस होत नाही असं. पाणी हिरवट झालं आणि आलू राखाडी निळे. पोराबाळांनी तोंडं वाकडी केली. मी लिंबू पिळलं. जिथं थेंब पडला तिथं गुलाबी. हा रंग आंबटात लाल होतो, विम्लात निळा-हिरवा. नातीनं शाळेत लिटमस बघितला होता, तिनं चिमूटभर खायचा सोडा टाकून तिसरा रंगही काढून दाखवला. ती वाटी अर्थातच कुणी खाल्ली नाही. तेव्हापासून घरात नियम झाला आहे. जांभळा आलू पाण्यात न बुडवता सालीसकट वाफवायचा आणि भाजीला हळद घालायची नाही, नाहीतर भाजी शेवाळ्यासारखी दिसते. उपासाची भाजी बिनहळदीची, त्यामुळं ती सगळ्यात शोभते. शेंगदाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची, वरून लिंबू.

चवीबद्दल विचाराल तर घरच्यांचा निकाल असा, "आलूसारखाच लागतो." मला थोडा मातकट वाटला, पण ती माझी माती असल्यानं पक्षपात असेल. या रंगात शरीराला उपयोगी गुण आहेत असं म्हणतात आणि असतीलही. पण मी मधुमेही आहे आणि माझी रक्तातली साखर आलूचा रंग बघत नाही. दोन फोडींवर थांबतो.

पैशाचं गणित कुणी विचारू नये. गोण्या, खत, तापमापक, माझे पहाटेचे उठणे धरून हा आलू काजूच्या भावात पडला. व्याह्यांना दोन किलो पाठवले. त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "पाव्हणं, रात्री बऱ्या मोजल्या."

आता अडचण बेण्याची. फेब्रुवारीत काढलेला आलू नोव्हेंबरपर्यंत टिकवायचा म्हणजे मधला मे ओलांडायचा, आणि आमचा मे ४३-४४ अंशांचा. मोठ्या प्रमाणात त्यासाठी शीतगृह लागतं. शिवाय मावा नावाची बारकी कीड एका झाडाचे विषाणू दुसऱ्या झाडाला लावते, त्यामुळं घरचं बेणं वर्षागणिक उतरत जातं. मावा कमी असतो अशा काळात पंजाबात, जालंधरकडे बेण्याचं पीक घेतात, आणि देशभर ते तिथून जातं, ते याच कारणानं. म्हणून दोन-तीन वर्षांनी नवं बेणं आणावं लागणार. तोवर आमच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत १४ जांभळे आलू आहेत. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, उकडू नये. कोजागिरीनंतर बाहेर काढून उजेडाच्या सावलीत मांडीन, कोंब यायला.

तुम्हाला लावायचे असतील तर आधी बेणं शोधू नका. दोन-अडीचशे रुपयांचा कमाल-किमान तापमापक आणा, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून अंगणात टांगा आणि रोज पहाटेचा आकडा लिहा. ओळीनं आठ दिवस २० च्या खाली दिसला, की मग बेणं मातीत घाला.